डफ आणि पाइप बँड

घुग्घुसच्या कोळसाखाणीच्या वस्तीत भीमजयंतीला बँड वाजू लागला की मला पलटणींचा पाइप बँड आठवतो. स्कॉटिश पलटणींचे हे वाद्य हिंदी पायदळाने उचलले. त्या लष्कराचे दार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना बंद झाले. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली; १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावी महार रेजिमेंट स्थापन झाली.

स्पर्धेत बरोबरीचेच उतरतात. गावकीत डफ वाजविणाऱ्या आमच्या आजांना नकाराचीही मुभा नव्हती. १६ ऑक्टोबर १९५६ च्या चांद्याच्या धम्मदीक्षेनंतर पुष्कळांनी गावकी सोडली, डफ खाली ठेवला. आज जयंतीच्या बँडमधील पोरांना आपण ठरवून मजुरी देतो काय?