वल्ह्यांवरच्या चालीची कुळकथा

रिचर्ड फ्लायशर यांच्या ‘द व्हायकिंग्ज’ (१९५८) या चित्रपटात मोहिमेहून परतलेला आयनार जहाजाबाहेर उतरतो आणि आडव्या धरलेल्या वल्ह्यांवर एकामागून एक पाय टाकत चालत जातो. कर्क डग्लस यांनी ही कसरत नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये स्वतः केली. हॉलिवूडने रंजनासाठी रचलेली करामत, असेच कुणालाही वाटेल. पण तिचे कूळ फार जुने आहे. आइसलँडचा इतिहासकार स्नॉरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकात नॉर्वेच्या राजांचा जो इतिहास लिहिला, त्यात राजा ओलाफ त्रिग्वासनचे हेच कसब नोंदले आहे: गडी वल्हवत असताना राजा जहाजाच्या बाहेरून वल्ह्यांवर चालत असे.

यावर आक्षेप सरळ आहे. ओलाफ इ.स. १००० मध्ये स्वोल्डरच्या लढाईत संपला. स्नॉरी त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहितो आहे. त्याच ठिकाणी तो राजा तीन खंजीर हवेत खेळवत असे, असेही सांगतो. अशा स्तुतीवर विश्वास कसा ठेवायचा? ओलाफने हे केलेच, असे मीही म्हणणार नाही. पण स्तुती करणाऱ्याला ही कल्पना सुचली ती जहाजाच्या बांधणीतून, असे मला ठामपणे वाटते. १८८० मध्ये नॉर्वेत उकरून काढलेले गोकस्टाडचे जहाज पाहा. प्रत्येक बाजूला सोळा वल्ही, तीही काठावरून न टाकता खालच्या फळीतल्या भोकांतून बाहेर काढलेली. दोन भोकांत साधारण मीटरभर अंतर, म्हणजे एका लांब ढांगेचे. वल्ह्यांची ही ओळ पायरीसारखी दिसायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: चित्रपटात वल्ही स्थिर आहेत, राजाच्या पायाखालची हलती होती. खरे आहे; डग्लस यांनी तोल सिद्ध केला, पराक्रम नव्हे. तरी वल्हे भोकाशी टेकून फिरते, त्यामुळे जहाजालगतचा त्याचा भाग थोडाच हलतो आणि पाण्याकडचे टोक खूप. चालणारा जहाजाला चिकटून राहिला तर ते अवघड आहे, अशक्य नाही. याच चित्रपटाने आयनारचा बाप रॅग्नार याचा अंत मात्र मोकळेपणाने बदलला: गाथांमध्ये तो सापांच्या खड्ड्यात मरतो, पडद्यावर लांडग्यांच्या. वल्ह्यांवरची चाल मात्र राजाकडून आयनारकडे गेली, तरी ओळखू येण्याइतकी तशीच राहिली.