अंधारात, ढगात हेलिकॉप्टरचा पायलट नेमका कुठे फसतो?

26 जानेवारी 2020. लॉस एंजेलिसजवळच्या टेकड्यांवर ढग खाली उतरले होते. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांना घेऊन निघालेल्या हेलिकॉप्टरच्या पायलटने नियंत्रण कक्षाला कळवलं की, ढगांच्या वर जाण्यासाठी आपण 4,000 फुटांवर चढतोय. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होतं. अपघातात नऊही जणांचा मृत्यू झाला. तपासात यांत्रिक बिघाड आढळला नाही.

पायलट खोटं बोलत नव्हता. त्याला दिशाभ्रम झाला होता, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. 2021 मध्ये कुन्नूरजवळ जनरल बिपीन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, तेव्हाही हवाई दलाच्या चौकशीत हेच कारण पुढे आलं.

कान का फसवतो?

आपला तोल कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका सांभाळतात. शरीर वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळण कळतं. पण वळण एकाच गतीने 10-20 सेकंद चालू राहिलं, तर द्रवही त्याच गतीला येतो आणि वळण जाणवेनासं होतं. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात क्षितिजच नसतं. छोटं विमान निदान काही वेळ आपलं आपण सरळ उडतं. ऑटोपायलट नसलेलं हेलिकॉप्टर मात्र काही सेकंदांत कलतं.

रात्री काय बदलतं?

वरच्या दोन्ही घटना दिवसाच्या. चंद्र नसलेल्या रात्री तर समोरचा ढग दिसतच नाही. खालच्या दिव्यांभोवती वलयं दिसू लागली किंवा एकेक दिवा नाहीसा होऊ लागला, की समजायचं, ढग आला.

समुद्रावर आणखी एक फसवणूक असते. चहूकडे काळोख आणि मध्ये एकच उजळलेला प्लॅटफॉर्म असेल, तर आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं पायलटला वाटतं आणि तो नकळत खाली येत जातो. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या बॉम्बे हायमध्ये रात्री आजारी कामगाराला आणायला जाणं म्हणूनच सोपं काम नाही. याच परिसरात 4 नोव्हेंबर 2015 रोजी रात्रीच्या लँडिंगच्या सरावादरम्यान एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं होतं. त्यात दोन पायलट होते.

नाइट व्हिजन गॉगल हा यावरचा रामबाण उपाय वाटतो, पण तसं नाही. तो असलेला प्रकाश वाढवतो, ढगाच्या आरपार दाखवत नाही. त्यातून सुमारे 40 अंशांचाच भाग दिसतो, त्यामुळे मान सतत फिरवावी लागते. उलट विरळ धुकं गॉगलमधून कधी कधी जाणवतच नाही आणि पायलट आत शिरत जातो.

मग करायचं काय?

ढगात शिरल्यावरचा क्रम ठरलेला आहे: नजर यंत्रांवर, पंखा समतल, वेग स्थिर, मग चढाई. घाईत मागे वळायचं नाही, कारण ते वळणच दिशाभ्रम वाढवतं. पण खरी सुरक्षितता त्याआधीच्या निर्णयात आहे. अमेरिकेतल्या एअर ॲम्ब्युलन्स पायलटांसाठी एक पद्धत आहे: खराब हवेमुळे नेहमीच्या वेगापेक्षा 30 नॉट कमी करावे लागले, किंवा रात्री जमिनीपासून 500 फुटांच्या खाली यावं लागलं, की पुढे जायचं नाही. मागे फिरायचं, यंत्रांच्या आधारे उडायचं किंवा सरळ उतरायचं. विमानाला धावपट्टी लागते. हेलिकॉप्टरला एखादं मोकळं शेतही पुरतं.