एफ-६ ची गोष्ट

विंडोज सर्व्हर २००३ टाकताना पडद्याच्या तळाशी काही सेकंद एक ओळ यायची: स्काझी किंवा रेडचा वेगळा ड्रायव्हर असेल तर एफ-६ दाबा. हुकलं की खेळ खल्लास! एकतर सेटअपला हार्ड डिस्कच सापडायची नाही, नाहीतर 'स्टॉप ७बी'चा निळा पडदा. बरं, ड्रायव्हर द्यायचा तो फ्लॉपीवरूनच. १९९३ च्या एनटीच्या काळातली सवय, दुसरं काय!

बायोसमध्ये साटा आयडीई मोडवर टाकला की भागायचं, पण मग रेड विसरा. आणि मिररिंगसाठीच तर सर्व्हर घेतलेला. एनलाइटने ड्रायव्हर सीडीतच घालता येतो, हे मला २००६ मध्ये कुठं ठाऊक? शनिवारी रात्री अकराला अकाउंट्सच्या जुन्या पीसीतून फ्लॉपी ड्राइव्हच उपटला.

सर्व्हर २००८ ला पेनड्राइव्ह चालू लागला. अकाउंट्सवाल्यांना ड्राइव्हचं सांगायचं मात्र राहूनच गेलं.