दुकानाच्या कार्डावरचा विमा आणि त्याच्या परताव्याची कुळकथा

कर्जदार मेला तर त्याचे कर्ज कोणी फेडायचे, हा प्रश्न सावकारीइतकाच जुना असला, तरी त्याला विम्याचे उत्तर मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेत. व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक येथील वकील आर्थर मॉरिस यांनी १९१० मध्ये पगारदार माणसांना छोटी कर्जे देणारी पतसंस्था काढली. तारण ठेवायला काहीच नसलेल्या या माणसांकडून दोन जामीनदार घेतले जात आणि कर्जदार मध्येच वारला की तगादा या जामीनदारांच्या व विधवेच्या दारी जाई. हे टाळण्यासाठी मॉरिस यांनी १९१७ मध्ये स्वतंत्र विमा कंपनी स्थापन केली आणि मृत कर्जदाराची उरलेली रक्कम ती भरू लागली. ज्या विम्यापायी पुढे ब्रिटनमधील बँकांना अब्जावधी पौंड परत करावे लागले, त्याचा मूळपुरुष हा असा सरळ हेतूचा होता, ही गोष्ट त्याची कुळकथा सांगताना विसरता येत नाही.

ब्रिटनमध्ये हा विमा १९७० च्या दशकापासून विकला जाऊ लागला आणि तेथे त्याला ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’, म्हणजे हप्त्यांना संरक्षण देणारा विमा, असे नाव मिळाले. बोलण्यात मात्र ‘पीपीआय’ हीच तीन अक्षरे राहिली. मृत्यूबरोबरच अपघात, आजारपण आणि नोकरी जाणे ही कारणेही त्यात आली, त्यामुळे कागदावर त्याची उपयुक्तता वाढली. पण विकणारा आणि कर्ज देणारा एकच असल्याने दुसरीही गोष्ट वाढली, ती म्हणजे दलाली. विमा कंपनी हप्त्यातला मोठा भाग कर्ज देणाऱ्या संस्थेला देई आणि तो किती, हे ग्राहकाला सांगितले जात नसे. अशा सुमारे ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या, त्यांतील बहुसंख्य १९९० ते २०१० या काळात. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने हिशेब तपासला तेव्हा गोळा झालेल्या हप्त्यांपैकी सुमारे १४ टक्केच रक्कम दाव्यांपोटी ग्राहकांकडे परत गेल्याचे दिसले, तर मोटारविम्यात हेच प्रमाण सुमारे ७८ टक्के होते. विम्याचा आत्मा हरवला तो येथे.

वैयक्तिक कर्जात या विम्याचा संपूर्ण हप्ता बहुधा आरंभीच आकारून मूळ कर्जात मिळवला जाई आणि त्यावरही व्याज चढे. भारतात गृहकर्जासोबत दिल्या जाणाऱ्या एकरकमी विम्याची रचना पुष्कळदा हीच असते. स्टोअर कार्डाची तऱ्हा निराळी होती. स्टोअर कार्ड म्हणजे एका दुकानात किंवा एका दुकानसाखळीत चालणारे उधारीचे कार्ड. ते मिळे कपड्यांच्या दुकानात, गल्ल्यापाशी, मागे रांग उभी असताना, ‘आजच्या खरेदीवर सूट’ या आमिषासह. अर्ज भरून घेणारी व्यक्ती बँकेची नव्हे, तर दुकानातली विक्रेती असे. अर्जाच्या तळाशी विम्याची चौकट असे, कधी ती आधीच खूण केलेली असे, कधी ‘इथे आणि इथे सही करा’ एवढेच सांगून ती भरून घेतली जाई. पुढे महिन्याच्या उताऱ्यात, खरेदीच्या ओळींखाली, विम्याची एक ओळ उमटे. थकलेल्या दर शंभर पौंडांमागे ठरावीक दराने हा हप्ता आकारला जाई आणि तो थकबाकीतच मिळवला जाई. समजा दर दीड पौंड आणि बाकी २०० पौंड, तर महिन्याला तीन पौंड, वर्षाला ३६, आठ वर्षांत २८८. शिवाय त्यावर कार्डाचे व्याज, जे अशा कार्डांवर वर्षाला ३० टक्क्यांच्या आसपास असणे नवलाचे नव्हते. महिन्याचे तीन पौंड कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत, आणि म्हणूनच ही ओळ वर्षानुवर्षे टिकली.

‘मिस-सेलिंग’ हा शब्द ब्रिटिश व्यवहारात रुळला तो निवृत्तिवेतन योजनांच्या प्रकरणातून. ग्राहकाला न शोभणारी वस्तू त्याला पुरती माहिती न देता गळ्यात मारणे, असा त्याचा अर्थ. या विम्याच्या बाबतीत त्याची रूपे ठळक होती. विमा घेतल्याशिवाय कार्ड मिळणार नाही असे सांगणे हे एक, आणि ग्राहकाला न विचारता तो जोडणे हे दुसरे. परंतु सर्वांत निर्दय प्रकार म्हणजे ज्याला दावा करताच येणार नाही अशा माणसाला तो विकणे. निवृत्त माणसाची नोकरी कशी जाणार, स्वयंरोजगार करणाऱ्याला कोण कामावरून काढणार आणि जुन्या दुखण्याला पॉलिसीतच वगळले असेल, तर त्या रुग्णाने हप्ता कशासाठी भरायचा?

याविरुद्ध संघटित पाऊल उचलले ते ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेने. सप्टेंबर २००५ मध्ये तिने ‘सुपर-कम्प्लेंट’ दाखल केली. नियुक्त ग्राहकसंस्थेने संपूर्ण बाजाराविरुद्ध केलेली अशी तक्रार आली की नियामकाला ९० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मार्च २००६ मध्ये स्पर्धा आयोगाचा स्टोअर कार्डांवरील अहवाल आला. वार्षिक व्याजदर २५ टक्के किंवा अधिक असेल तर उताऱ्यावर तसा इशारा छापावा आणि हप्ता-संरक्षण विमा इतर विम्यांच्या गाठोड्यातून सोडवून वेगळा विकावा, अशी तरतूद त्यातून झाली. जानेवारी २००७ मध्ये वित्तीय नियामकाने स्टोअर कार्डांमागची मोठी कर्जदाती असलेल्या जीई कॅपिटल बँकेला विमाविक्रीतील त्रुटींबद्दल ६ लाख १० हजार पौंड दंड केला. २०१० मध्ये नियामकाने जुन्या तक्रारी कशा तपासाव्यात याचे नियम घालून दिले, तेव्हा बँकांची संघटना न्यायालयात गेली. २० एप्रिल २०११ रोजी उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली, मे महिन्यात संघटनेने अपील न करण्याचे जाहीर केले आणि परताव्याचा बांध फुटला.

स्टोअर कार्डावरचा दावा हा त्यातला अवघड प्रकार होता, कारण रकमा लहान होत्या, कागद फेकले गेले होते आणि कार्डावरचे नाव कर्जदात्याचे नव्हतेच. ते दुकानाचे असे. उधारी देणारी बँक मागे असे आणि खाती पुढे एका बँकेकडून दुसरीकडे विकली जात. म्हणून पहिले काम म्हणजे जुन्या उताऱ्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले खऱ्या संस्थेचे नाव शोधणे. उतारा नसेल तर माहिती-संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या नोंदी मागवता येत. त्यासाठी २०१८ पर्यंत जास्तीत जास्त १० पौंड शुल्क होते, नंतर तेही गेले. मग तक्रारीचे साधे पत्र लिहायचे: विमा कधी व कसा विकला गेला, त्या वेळी आपण काय करत होतो, काय सांगितले गेले नाही. आठ आठवड्यांत समाधान न झाल्यास वित्तीय लोकपालाकडे विनाशुल्क जाता येई. दावा मान्य झाला की भरलेले सर्व हप्ते, त्यांच्यावर चढलेले कार्डाचे व्याज आणि त्या काळाचे ८ टक्के सरळव्याज परत मिळे. इतक्या सोप्या पत्रासाठी, ग्राहकांच्या वतीने दावे करणाऱ्या दावा-कंपन्यांनी परताव्याचा मोठा वाटा उचलला, हे या कथेतले खेदजनक प्रकरण आहे. २०१८ मध्ये कायद्याने त्यांच्या शुल्कावर २० टक्क्यांची मर्यादा घातली, पण तोवर पुष्कळ पैसा गेलेला होता.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्लेव्हिन विरुद्ध पॅरागॉन या खटल्यात दलालीचा पडदा उचलला. ५,७८० पौंडांच्या हप्त्यापैकी ७१.८ टक्के दलाली होती आणि ती लपवणे म्हणजे ग्राहक-पतपुरवठा कायद्याच्या कलम १४०-अ खाली ‘अन्याय्य संबंध’ होय, असे न्यायालयाने ठरवले. विमा एरवी योग्य रीतीने विकला असला, तरी हप्त्याच्या निम्म्याहून अधिक असलेल्या दलालीचा भाग परत मागण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

तक्रारींची अंतिम मुदत २९ ऑगस्ट २०१९ ही होती. २०११ पासून परत झालेली रक्कम ३८ अब्ज पौंडांच्या पुढे गेली. मुदतीनंतर, अपवादात्मक परिस्थिती वगळता, लोकपालाचा मार्ग बंद झाला असला, तरी न्यायालयाचे दार बंद झाले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्मिथ विरुद्ध रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड या क्रेडिट कार्डाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की कलम १४०-अ खालील दाव्याची सहा वर्षांची मुदत विम्याचा शेवटचा हप्ता भरल्यापासून नव्हे, तर पतपुरवठ्याचा संबंध संपल्यापासून मोजायची. फिरत्या बाकीच्या जुन्या कार्डाबाबत त्यामुळे पहिला प्रश्न हाच उरतो, की ते खाते नेमके कोणत्या तारखेला बंद झाले.