मातीचा खुंट

आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. दुष्काळी कामावर खडी फोडताना एक घाव चुकला होता. दगड घरंगळू नये म्हणून जुन्या टायरचं कडं त्याच्याभोवती धरायचं आणि उजव्या हाताने हातोडी मारायची. कितीदा, ते तिने कधी मोजलं नाही. मोजायचं काम मुकादमाचं.

आमचं गाव माणदेशातलं. लागोपाठची वर्षं कोरडी गेली आणि १९७२ साली विहिरींनी तळ दाखवला. राज्यभर रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामं निघाली. मे १९७३मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, असं मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीच्या लेखी तो आकडा म्हणजे अंधारात पाट्या डोक्यावर घेऊन निघालेली गावाची रांग, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो, म्हणजे ज्वारी. त्याची भाकरी थापताना कडेने चिरायची, हे सांगताना तिचा तळवा आपोआप हवेत थापल्यासारखा हलायचा.

मजुरी मापावर. माती खणताना खड्ड्याच्या मधोमध एक खुंट तसाच सोडायचा, त्याचा माथा म्हणजे मूळ जमिनीची पातळी. त्यावरून खोली मोजायची आणि मग पैसे. खुंट ढासळला तर दिवसभराचा घाम कागदावर कमी भरायचा. म्हणून बायका पोरांना ओरडायच्या, त्याला हात लावू नका.

१९७३च्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि चार दिवसांत काम बंद झालं. दुष्काळ सरला, आता खर्च आवरा, असा वरून हुकूम आल्याचं मुकादमाने सांगितलं. आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबायची. "पेरलं म्हंजी उगावलं न्हाई, आन् उगावलं म्हंजी पिकलं न्हाई. तवर खायाचं काय?" पंधरा-वीस बायका पाट्या-खोरी घेऊन तालुक्याला चालत गेल्या. कचेरीपुढे पाट्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर बसल्या. घोषणा द्यायची त्यांना सवय नव्हती. दोन रात्री तिथेच काढल्या. तिसऱ्या दिवशी ओढ्यावरचं नालाबांधाचं काम पुन्हा सुरू झालं.

त्याच दिवसांत आजीची धाकटी बहीण मुंबईत गोरेगावच्या चाळीत राहायची. तिची गोष्ट वेगळी, भूक तीच. बाजारात भाव भडकलेले, रेशनचं धान्य अपुरं आणि निकृष्ट. सप्टेंबर १९७२मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मावशीआजी सांगायची, थाळीनादाच्या संध्याकाळी जिन्याजिन्यातून थाळ्या वाजल्या. ज्या घरातून कधी मोठ्याने आवाज आला नव्हता, त्या घरातूनही. तिची ती थाळी आमच्याकडे अजून आहे. काठाजवळ लाटण्याचे पोचे आहेत.

या दोन बहिणींच्या गोष्टी एका कायद्यात येऊन मिळाल्या, असं मला वाटतं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधानपरिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्यांनी १९६५ साली आपल्याच भागात करून पाहिली होती. दुष्काळाने, आणि कामासाठी निघालेल्या मोर्चांनी, तिची गरज सगळ्यांना पटवली. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ला अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. सुरुवातीला तो दिवसाला किमान एक रुपया होता. रुपया लहान, पण सरकार ज्याचं देणं लागतं तो माणूस लहान राहत नाही.

कायद्याच्या आधीच, रोजगार हमी योजनेसाठी १९७५पासून व्यवसाय कर लागू झाला होता. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून तो कापला जाई आणि सरकार तेवढीच भर घाली. मावशीआजीचे यजमान गिरणीत कारकून होते. पगाराच्या चिठ्ठीवरची ती कपात दाखवून ती म्हणायची, "हे माझ्या ताईच्या पाटीचे." सरकारी खर्चाला अशी नाती असतात, हे मला तिने शिकवलं. म्हणूनच पुढे कर गोळा होत राहिला आणि सगळा पैसा कामांवर खर्च झाला नाही, हे वाचलं तेव्हा घरातलंच कुणी फसवल्यासारखं वाटलं.

२००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, घरटी वर्षाला १०० दिवसांचा. तरी खर्चावरची कात्री थांबली नाही. तिची रीत बदलली. काही वर्षांपूर्वी वाडीतल्या बायकांबरोबर मी कामाची मागणी नोंदवायला गेलो. अर्ज घेतले गेले, पण पोच मिळेना. "ठेवा इथं, बघू." पंधरा दिवस मोजायचे ते पोचेवरच्या तारखेपासून. पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर भत्ता नाही, आणि कागदावर काम मागणारा माणूसच नाही. मग तरतूद कमी केली तरी ओरडायला कोण? एका ओळीचा हुकूमही न काढता गावाची भाकरी अशी कापता येते.

मी हुज्जत घालत राहिलो. बायका शांतपणे पायरीवर बसल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, आजीबरोबर त्या नालाबांधावर काम केलेली. ती म्हणाली, "शिक्क्याबिगर उठायचं न्हाई. खुंट ऱ्हायला तरच माप व्हतं."

ऊन कलल्यावर शिक्का बाहेर आला. एकेक चिठ्ठी मिळाली, निळी शाई अजून ओली. म्हातारीने ती वाळेपर्यंत फुंकली, तारीख मला दोनदा वाचायला लावली आणि घडी न घालता पदरात धरून घरापर्यंत नेली.