सयाजीरावाच्या पाठीवरचा माणूस

आमच्या सांडोरच्या घरात 'रेस' हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. आजोबांचा गवताचा धंदा होता. पावसाळा सरला की आसपासच्या माळरानांवरचे गवत कापून, त्याच्या गासड्या बांधून ते आगगाडीने मुंबईच्या तबेल्यांना पाठवीत. वसुलीसाठी त्यांना मुंबईस जावे लागे आणि परतायला उशीर झाला की आजी दारातच विचारी, "महालक्ष्मीला तर नव्हता ना गेलात?" रेसपायी घरदार गमावलेली माणसे तिने पाहिली होती. आजोबांनी उभ्या जन्मात घोड्यावर एक आणा लावला नाही. पण घोडे पाहायला मात्र ते जात आणि ओटीवर बसून आम्हां मुलांना घोड्यांच्या गोष्टी सांगत. त्यांतली एक ठरलेली असे. "स्वराज्य आलं, आणि महिन्याभरात आपल्या सयाजीरावानं विलायतेत शर्यत मारली!"

मी एकदा विचारले, "आणि त्याच्यावर बसलं होतं कोण?"

आजोबा घोटाळले. म्हणाले, "असेल कुणीतरी गोरा."

हा 'कुणीतरी' पुष्कळ वर्षे माझ्या मनात घर करून राहिला. पुढे तो सापडला. त्याचीच ही हकिगत.

त्याचे नाव एडगर ब्रिट. जन्म १९१३ चा, ऑस्ट्रेलियातला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच तो हिंदुस्थानात आला आणि पुढे बडोद्याच्या महाराजांचे घोडे शर्यतीत चालवू लागला. १८८३ पासून मुंबईच्या शर्यती महालक्ष्मीच्या मैदानावर होत. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे, असा घोड्यांबरोबर जॉकींचाही मुक्काम हाले. राजेरजवाड्यांना जिंकण्याची हौस मोठी. म्हणून परदेशांतले नावाजलेले जॉकी ते करार करून आणीत.

वाचकहो, जॉकीचे आयुष्य रंगीत रेशमी सदऱ्यावरून जोखू नका. शर्यतीपूर्वी त्याला खोगिरासकट काट्यावर उभे करतात आणि शर्यतीनंतर पुन्हा. वजन कमी भरले तर शिशाचे तुकडे घालून ते पुरे करता येते. जास्त भरले तर मात्र उपाय नाही. म्हणून उपास काढायचा, घाम गाळायचा, आणि अशा रिकाम्या पोटी, ताशी साठ किलोमीटर धावणाऱ्या जनावरावर, दोन रिकिबींच्या आधाराने ओणवे राहायचे. पडला तर मागून येणाऱ्या घोड्यांचे खूर आहेतच.

१९४३ साली महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली बडोद्याच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने आणि तिच्यावर स्वार होता ब्रिट.

दोन वर्षांनी, १९४५ मध्ये, महाराज प्रतापसिंहरावांनी इंग्लंडात वर्षाचे एक शिंगरू विकत घेतले. त्याचा सख्खा भाऊ 'दांते' त्याच साली इंग्लंडची डर्बी जिंकला होता. शिंगराची किंमत पडली २८,००० गिनी. तोवर तिथे कोणत्याही शिंगराला एवढा भाव आला नव्हता. महाराजांनी त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले: सयाजीराव. आजोबांनी सक्तीचे शिक्षण सुरू केले, गावोगाव वाचनालये काढली, तरुण आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली; नातवाने घोड्याला त्यांचे नाव ठेवले. यात भक्ती किती आणि उधळपट्टी किती, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

युद्ध संपल्यावर ब्रिट इंग्लंडला गेला. १९४७ साली इंग्लंडच्या डर्बीत सयाजीराव तिसरा आला. मग आयर्लंडला करॅगच्या मैदानावर तो आयरिश डर्बी जिंकला. पाठीवर ब्रिटच होता. सप्टेंबरात डॉन्कास्टरला सेंट लेजर होती. ही शर्यत १७७६ पासून चालत आलेली, पावणेदोन मैलांहून थोडी अधिक लांबीची. सयाजीराव आणि फ्रान्सचा 'अर्बार' अखेरपर्यंत झुंजले आणि सयाजीराव एका डोक्याच्या फरकाने पुढे निघाला. पावणेदोन मैल घोड्याचे खरे. पण ते शेवटचे डोकेभर अंतर पुष्कळदा पाठीवरच्या माणसाचे असते. दम कुठे राखायचा आणि कुठे सोडायचा, हे घोड्याला कळत नाही.

पुढे दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. तिजोरीतल्या पैशांबद्दल प्रश्न उठले आणि १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांची गादी गेली. ब्रिटच्या मागे ना गादी होती ना तिजोरी. तो घोडे चालवीत राहिला. इंग्लंडातल्या पाच मानाच्या शर्यतींपैकी चार त्याने मिळून सात वेळा जिंकल्या. पाचवी डर्बी. मुंबईत पहिली डर्बी जिंकलेल्या, आयरिश डर्बीही मारलेल्या या माणसाला इंग्लंडची डर्बी कधी लाभली नाही. १९५९ मध्ये तो निवृत्त होऊन मायदेशी गेला आणि २०१७ साली १०३ वर्षांचा होऊन वारला. म्हणजे आमचे आजोबा 'कुणीतरी' म्हणाले, तेव्हा तो हयात होता आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे.

आजोबांना दोष कसा देऊ? त्यांनी वाहिलेले गवत खाऊन जे घोडे धावले, त्यांच्या हकिगतीत आजोबांचे नाव तरी कुठे आहे? घोड्याचे नाव राहते, मालकाचे राहते. घाम गाळणारा मात्र, खोगिरावर असो की गासडीखाली, 'कुणीतरी' होतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ओटीवर बसून मी सयाजीरावाची गोष्ट सांगत होतो. नातीने तोच प्रश्न विचारला.

"एडगर ब्रिट," मी म्हणालो. "आणि गवताच्या गासड्या बांधीत, ते तुझे खापरपणजोबा."