तळटीप १४ : ओळीने पाच स्वर
१४. ए, ई, आय, ओ, यू ही इंग्रजी स्वराक्षरे याच क्रमाने, प्रत्येकी एकदाच येणारे शब्द. ‘अ‍ॅबस्टीमियस’ म्हणजे खाण्यापिण्यात संयमी. ‘फसीशस’ म्हणजे नको तिथे थट्टा करणारा. पुढचा शब्द मात्र या प्रकारातला नाही : ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ २९ अक्षरांचा. त्यात ‘आय’ नऊदा, ‘ई’ एकदाही नाही. अर्थ : एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. मराठीला असा अक्षरबंध परका नाही : मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लावून उच्चारायची अक्षरे टाळली आहेत, आणि एका शब्दापेक्षा अख्ख्या काव्यात असे बंधन पाळणे कितीतरी अवघड.